परसातला झेंडू : महागावची टिपणं

१
मृगाचा पाऊस पडला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या महागावात सगळीकडे कपाशीच्या पाकिटांची चर्चा. कोणतं वाण, कितीला, लिंकिंग, म्हणजे सोबत दुसरा माल घ्यायची सक्ती, आहे का. झेंडूच्या बियाण्याचा विषय कोणी काढत नाही. ते घरोघरी आधीच असतं. गेल्या दसऱ्याचं तोरण चौकटीवर वाळलेलं असतं, त्यात.

२
वाळलेलं फूल तळहातावर चोळलं की बारीक काळ्या काड्या सुट्या होतात. काळा भाग म्हणजे बी, टोकाला फिकट तूस. ग्रॅमभरात तीनशेच्या आसपास भरतात. तोरणातल्या फुलांचं बी बरंच पोचट निघतं, कारण ती फुलं कोवळी तोडलेली असतात. बी हवं असेल तर झाडावरची चार चांगली फुलं राखायची आणि खालची हिरवी वाटी तपकिरी होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ही चार फुलं सणाच्या दिवशीही न तोडणं हे खरं कठीण काम आहे, आणि तेच करायचं असतं.

३
दसरा एका तारखेला येत नाही. २०१७ साली ३० सप्टेंबरला आला, २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. उंच वाढणाऱ्या झेंडूला बी टाकल्यापासून भरघोस तोडणीपर्यंत तीन महिन्यांच्या आतबाहेर लागतात. म्हणून कॅलेंडर घरात आलं की आधी दसरा बघायचा आणि तिथून मागे मोजायचं. बुटका मखमली झेंडू यापेक्षा लवकर येतो.

४
बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नये. चार-पाच दिवसांत दोन पानं वर. महिन्याच्या आत रोप हलवायचं.

५
आमची माती काळी, कपाशीची. पावसात फुगते, पाणी धरून बसते, उन्हात भेगाळते. कपाशीचं सोटमूळ खोल जातं आणि निभावून नेतं. झेंडूच्या रोपाला आठवडाभर पाय पाण्यात राहिलेले चालत नाहीत. बुडाशी काळं पडतं, मान टाकतं. उपाय जुनाच. वीतभर उंच वरंबा करायचा, मातीत मुरलेलं शेणखत आणि थोडी रेती मिसळायची आणि रोप वरंब्याच्या माथ्यावर लावायचं. दोन रोपांत हातभर अंतर. एवढी मोकळी जागा बघून सुरुवातीला जीव तुटतो, भाद्रपदात ती दिसतही नाही.

६
उकिरड्याशेजारी आपोआप उगवलेला झेंडू पुरुषभर वाढतो, हिरवागार, आणि फुलं मोजकीच. नत्र फार झालं की असंच होतं. खत घालावं, पण लाड करू नयेत.

७
शेजारच्या मावशी कुंपणावरून बघत होत्या.
‘‘कायले खुडता भाऊ? चांगलं वाढून रायलं होतं.’’
रोप वीत-सव्वा वीत झालं, फुटवे धरायच्या बेतात आलं की मधला शेंडा खुडायचा. वर जाणारी ताकद मग बाजूच्या डोळ्यांत उतरते. पहिलं फूल आठ-दहा दिवस उशिरा येतं, पण फांद्या दुप्पट होतात. मावशींना खुडलेले शेंडे दिले. त्यांनी ते ओल्या मातीत खोचले, सावलीला. झेंडूच्या खोडाला ओल मिळाली की मुळं फुटतात. त्यांच्या दारात आता वेगळी रांग आहे.

८
कपाशीची खुरपणी आणि झेंडूची लावणी एकाच आठवड्यात येतात. बायका दिवसभर वावरात वाकलेल्या असतात आणि संध्याकाळी घरी येऊन दाराशी चार रोपांसाठी पुन्हा वाकतात. या दुसऱ्या वाकण्याची मजुरी कोणी मागत नाही.

९
पूर्ण उमललेलं एक केशरी फूल घेऊन बसलो आणि उलगडत गेलो. आपण जिला पाकळी म्हणतो ती पाकळी नाही, ते एक अख्खं फूल आहे. एक जीभ बाहेर ओढली. तिच्या मुळाशी बारीक नळी, नळीतून डोकावणारा दोन टोकांचा पिवळा धागा, आणि खाली सुईसारखं पांढरट काहीतरी. ते पुढे काळं होणार आणि त्याचं बी होणार. मधोमध आणखी निराळी फुलं, नळकांडीसारखी, तोंडाशी पाच दाते. हे सगळं एका हिरव्या पेल्यात गच्च भरलेलं. एक झेंडू तोडला म्हणजे आपण एक फूल तोडत नाही, एक वस्ती तोडतो.

पेल्यावर आणि पानांच्या कडेला बारीक ठिपके असतात. पान उन्हासमोर धरलं तर ते आरपार दिसतात. या तेलाच्या पिशव्या. हाताला राहणारा तो उग्र वास इथला.

१०
भरगच्च संकरित झेंडूवर मधमाशी येते, घिरटी घालते, जाते. मधली नळीची फुलं उरलेलीच नसतात, जिभाच जिभा. जुन्या गावठी झेंडूचं मधलं बटण उघडं असतं. त्यावर ती बसून राहते. बाजारात या गावठी फुलाला भाव नाही. परसात त्याला जागा असावी असं मला फार वाटतं.

११
झेंडू आपला नाही. तो मेक्सिकोचा. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या काळात आला असं मानतात. उंच जातीला युरोपातल्या लोकांनी आफ्रिकन म्हटलं, बुटक्या जातीला फ्रेंच. दोन्ही मेक्सिकोकडच्याच.

नवरात्रात घटासमोरच्या ताटात सीताफळ असतं, पेरू असतो. तेही अमेरिका खंडातून आलेले.

कुंपणापलीकडची कपाशी? आज लावतात ती बहुतेक सगळी अमेरिकन जातीची, तिचंही मूळ मेक्सिकोकडेच जातं. इथली जुनी देशी कपाशी वेगळी.

१२
गाजरगवतही अमेरिका खंडातलंच. आणि झेंडूच्याच कुळातलं, सूर्यफुलाच्या. १९५५च्या सुमारास पुण्यात ते नजरेला आलं आणि आज महागावच्या प्रत्येक धुऱ्यावर आहे. त्याला खाणारा भुंगेरा १९८०च्या दशकात मेक्सिकोहून मागवून भारतात सोडला. एकाला उपटताना अंगाला खाज सुटते, दुसरं आपण देवाच्या गळ्यात घालतो.

१३
नकाशा काढून बघितला. महागाव १९ आणि २० उत्तर अक्षांशांच्या मध्ये. मेक्सिको सिटी आणि तिच्याशेजारचं पुएब्ला राज्य, जिथे झेंडूचे मळेच्या मळे असतात, तेही साधारण त्याच पट्ट्यात. म्हणजे दिवस तिथेही इथल्याइतकाच लहानमोठा होतो. उंच झेंडूला लहान दिवस मानवतो. रात्र वाढू लागली की कळ्या झपाट्याने धरतात. आपल्याकडे तेव्हा दसरा-दिवाळी. त्यांच्याकडे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण. दारापासून घरातल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट पसरतात, गेलेल्या माणसांना रंग आणि वास ओळखू यावा, घर सापडावं म्हणून.

इथे उंबरठ्यावर लक्ष्मीची पावलं काढतात. आत येणारीच.

१४
धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की माहूरची वाट. नवरात्रात महागाव तालुक्यातून गाड्यांची रीघ लागते, रेणुकेच्या दर्शनाला. दसऱ्याच्या आसपास याच रस्त्यावरून उलट दिशेने नागपूरला जाणाऱ्या गाड्या असतात, निळे झेंडे लावलेल्या. १४ ऑक्टोबर १९५६ला विजयादशमी होती. बाबासाहेबांनी नागपुरातल्या धम्मदीक्षेला तोच दिवस घेतला. चहाच्या टपरीवर दोन्हीकडचे लोक एका बाकावर बसतात. टपरीच्या चौकटीला झेंडू.

१५
गुरुवार. फुलवालीच्या टोपलीतला एक हार दत्ताला गेला, एक दर्ग्याला. फुलं एकाच वाफ्यातली.

१६
खंडेनवमीला घरात काय काय पूजेला मांडतात ते पाहण्यासारखं असतं. विळा, पास, कुऱ्हाड, पाना, शिलाई मशीन, मोटारसायकल, मुलाचा लॅपटॉप. एका घरी फवारणीचा पंप होता. धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून, नोजलवर एक झेंडू.

१७
२०१७. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यांत होते. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा चेहऱ्याच्या उंचीवर उडत होता.

१८
कपाशीच्या कडेने झेंडूची ओळ लावा असं कृषी खात्याचे लोक सांगतात. कारण साधं. हिरव्या बोंडअळीच्या पतंगाला झेंडूची फुलं आवडतात, मादी तिथे अंडी घालते, अळ्या तिथे सापडतात, वेचता येतात. हीच अळी हिवाळ्यात हरभऱ्यावर जाते, तेव्हा तिला आपण घाटेअळी म्हणतो. टोमॅटोसाठी बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेने हिशेब घालून दिला आहे. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ. झेंडूचं रोप ४० दिवसांचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं, लावणी एकाच दिवशी. दोघांना फुलं एकाच वेळी यावीत म्हणून हे वयाचं अंतर.

गुलाबी बोंडअळी मात्र झेंडूकडे ढुंकून पाहत नाही. आणि आज इथल्या शेतकऱ्याला रडवते ती तीच. हे सांगितल्याशिवाय झेंडूच्या ओळीचं कौतुक करणं मला पटत नाही.

१९
परसात मात्र मी स्वतः रोज सकाळी अळ्या वेचतो. फूल उलटं करायचं, पेल्याला भोक दिसलं की आत कोणीतरी आहे. पानं निस्तेज, पाठीमागे बारीक जाळी, म्हणजे लाल कोळी. पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालून मारला की बराच कमी होतो. घरच्या फुलांवर विष मारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. पोरं ती फुलं हातात घेतात, नाकाला लावतात.

२०
झेंडूने डास पळतात म्हणून लोक खिडकीत कुंडी ठेवतात. माझ्या खिडकीतल्या कुंडीने एकही पळाला नाही.

२१
दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडूचे ढीग. सकाळचा भाव आणि संध्याकाळचा भाव यात पुष्कळदा निम्म्याहून जास्त फरक पडतो, आणि दसऱ्याच्या दुपारनंतर फूल कोणीही घेत नाही. कापूस घरात ठेवता येतो, तूर ठेवता येते, सोयाबीन पोत्यात थांबतं. झेंडू थांबत नाही. काही वर्षी शेतकरी उरलेला माल रस्त्याकडेला ओतून रिकामी गाडी घेऊन परत जातात. घरच्या चार झाडांवर तोरण भागवणाऱ्याने तरी त्या दिवशी घासाघीस करू नये. एक किलो विकत घ्यावा आणि मागेल तो भाव द्यावा.

२२
त्याच रस्त्यावर प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा. हुबेहूब केशरी. धुता येतात, पाच वर्षं टिकतात असं विकणारा सांगतो. पाच वर्षांनी त्या कुठे टाकायच्या ते सांगत नाही.

२३
तोरणाचं आमच्याकडचं गणित : दोन झेंडू, एक आंब्याचं पान, पुन्हा दोन झेंडू. मध्ये ज्वारीचं कणीस असलं तर छान. सुई पाकळ्यांतून घालू नये, देठाच्या गड्ड्यातून घालावी. माळ वाळली तरी फूल गळत नाही. आजीच्या वेळी दोऱ्याऐवजी अंबाडीचा वाख असे.

२४
१९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांच्या विडंबनकवितांचा संग्रह आला. नाव ‘झेंडूची फुले’. तेव्हाच्या कवितेत मोगरा, जाई, प्राजक्त, बकुळ यांची गर्दी होती. पुस्तकाच्या कपाळावर झेंडू आला तो विडंबनात. गंभीर कवितेने या फुलाकडे अजून पुरेसं पाहिलेलं नाही असं मला वाटतं.

२५
दिवाळीच्या पाडव्याला तांड्यांवर वेगळी सकाळ असते. आदल्या अमावस्येच्या रात्री बंजारा मुली दिवा घेऊन घरोघर ‘मेरा’ मागत गेलेल्या असतात. सकाळी नटूनथटून, टोपल्या घेऊन त्या गाणी म्हणत वावराकडे, रानाकडे निघतात, फुलं आणायला. रानातली, शेतातली, जी मिळतील ती. परत येऊन प्रत्येक घरच्या शेणाच्या गोधनावर ती वाहतात. घराच्या मालकीची फुलं आणि तांड्याची फुलं असा भेद त्या सकाळी नसतो. आपल्या वाफ्यातला झेंडू कोणी तोडला तर मालकीण विचारत नाही. अलीकडे रानच कमी झालंय, तेव्हा टोपलीत परसातला झेंडूच जास्त दिसतो.

२६
फुलसावंगीचा बाजार. एक म्हातारा फक्त रोपं घेऊन बसलेला. वांगी, मिरची, झेंडू. वांग्याची आणि मिरचीची जुडी, झेंडू सुटा. विचारलं, झेंडू सुटा का?
‘‘वांगं खायाले लागते, जुडीनं नेतात. झेंडू लोक एक-एक नेतात, पण नेतात समदेच.’’

२७
अमेरिकेतले एक बियाणेवाले, डेव्हिड बर्पी. त्यांनी १९५४ साली जाहीर केलं की पूर्ण पांढरा झेंडू जो कोणी तयार करील त्याला दहा हजार डॉलर. संशोधन केंद्रं, मोठ्या रोपवाटिका सगळ्या होत्याच. बक्षीस मिळालं १९७५ साली, आयोवा राज्यातल्या सली नावाच्या खेड्यातल्या अ‍ॅलिस व्होंक या बाईंना. घरच्या बागेत फुलं लावणारी बाई. पद्धत एवढीच : दर वर्षी सगळ्यांत फिकट फुलाचं बी राखायचं, पुढच्या वर्षी ते लावायचं, त्यातलं पुन्हा सगळ्यांत फिकट. वर्षानुवर्षं.

आयोवा म्हणजे मका आणि सोयाबीनचा मुलूख. आमच्याकडेही कपाशीच्या जोडीला सोयाबीन आहेच.

२८
दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’ ही दोन वाणं सरळ आहेत. त्यांचं बी राखलं तर पुढच्या वर्षी बरंचसं तसंच झाड येतं, शेजारचा परका झेंडू मध्ये आला नाही तर. महागड्या पाकिटातल्या संकरित झेंडूचं बी राखलं तर दुसऱ्या वर्षी एकाच वाफ्यात लहान-मोठं, पिवळं-केशरी, भरलेलं-विरळ सगळं उगवतं. बाजारासाठी ते तोट्याचं. परसात मला तो वाफा सगळ्यांत जास्त आवडतो. कुठल्या फुलाचं बी राखायचं हे पुन्हा ठरवता येतं.

२९
दक्षिणेत झेंडूच्या पाकळ्या सुकवून त्यातला पिवळा रंग काढण्याचे कारखाने आहेत. हा रंग कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. मावशींच्या कोंबड्या कुंपणाखालून येऊन गळलेल्या पाकळ्या टिपतात. मावशींच्या अंड्यांचा बलक केशरी असतो. अर्थात त्या गवत आणि हिरवा पालाही भरपूर खातात.

३०
देवाच्या निर्माल्याची पिशवी हिवरा संगमला पाण्यात सोडून देणारे अजून पुष्कळ. पूस आणि पैनगंगा तिथे मिळतात. पिशवी प्लास्टिकची असते, ती बाभळीच्या मुळांना अडकून राहते. निर्माल्य परसातल्या खड्ड्यात टाकलं तर पाकळ्यांची माती लवकर होते, गड्ड्यांना वेळ लागतो, दोरा नायलॉनचा असला तर कुजतच नाही. दोरा आधी काढावा. देवाचं फूल पुन्हा फुलाच्या मुळाशी गेलं तर त्यात विटाळ कसला?

३१
एप्रिल. ४३-४४ अंश. १४ एप्रिलच्या जयंतीला हार हवेत, लग्नाच्या मांडवाला हवेत, आणि इथला झेंडू मात्र बोराएवढा. कितीही पाणी द्या, या उन्हात फूल लहानच राहतं. बाहेरगावच्या थंड हवेतली फुलं गाडीने येतात. परसात उन्हाळी झेंडूचा हट्ट धरू नये, तेवढं पाणी कढीपत्त्याला द्यावं.

३२
झेंडूच्या मुळांतून एक द्रव्य मातीत उतरतं, त्याने सूत्रकृमी मरतात. सूत्रकृमी म्हणजे वांगी-टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे. ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध आहे. पण वांग्याच्या वाफ्यात एखाद-दुसरं झेंडूचं रोप लावून काम भागत नाही. त्या जागेत झेंडू दाट लावावा लागतो, तीन-चार महिने उभा ठेवावा लागतो, त्यानंतर तिथे भाजी घ्यायची. शिवाय बुटका, फ्रेंच म्हणतात तो, या कामाला जास्त चांगला.

म्हणून यंदा विहिरीकडचा वाफा पूर्ण मखमलीने भरला होता. आता तो उपटून, चिरून तिथेच गाडला आहे. त्या जागी वांगी लावली आहेत, आणि पलीकडच्या, झेंडू न लावलेल्या वाफ्यात त्याच रोपवाटिकेतली तितकीच वांगी. हंगाम संपला की दोन्हीकडची झाडं मुळासकट काढून, धुऊन, ओळीने मांडून गाठी बघायच्या आहेत. मावशी म्हणाल्या, मलाही बोलवा.